तिरका रांजण आणि कागदाचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. जरा तिरकाही आहे. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण पुढे कुणीतरी ते सांगणारच.

जिरी डोंगराच्या पायथ्याशी एका कुंभाराने मला घडवले. भट्टीत शेजारचा रांजण माझ्यावर रेलला आणि माझे तोंड कायमचे डावीकडे वळले. कुंभाराने मला बोटाने वाजवून पाहिले. आवाज खणखणीत आहे, थोबाड तेवढे वाकडे, असे म्हणून त्याने मला एका तरुण जोडप्याला टोपलीभर सुक्या बोरांच्या बदल्यात देऊन टाकले. नवऱ्याने मला पाठीवर बांधून घरी आणले. त्याच हिवाळ्यात त्याने ज्वारीच्या झाडलेल्या कणसांचा एक झाडू बांधला आणि मुठीला तागाची दोरी गुंडाळून डाव्या हाताची गाठ मारली. तो डावखुरा होता. पुढच्या वर्षी तो तापाने गेला. मागे बायको राहिली आणि पाळण्यातली मुलगी ओक्दान. तेव्हापासून गाव त्या बाईला ओक्दानची आई म्हणूनच ओळखते.

घरामागच्या दगडी चौथऱ्यावर माझी जागा होती. माझ्या पोटात घराचा सोयाचा रस मुरत असे. शिजवलेल्या सोयाबीनच्या विटा हिवाळाभर छपराला टांगायच्या आणि वसंताच्या तोंडाशी मिठाच्या पाण्यात सोडायच्या. वर कोळसा, लाल मिरच्या आणि दोन बोरे. ऊन पडले की झाकण काढायचे, ढग आला की लावायचे. त्यात पावसाचे पाणी गेले तर रस नासतो. ज्या घरच्या रसाची चव फिरली त्या घराचे दिवस फिरले, असे आमच्याकडे म्हणतात. ओक्दानची आई मला रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. एवढे लाड तिने स्वतःच्या लेकीचेही केले नसतील.

माझ्या पोटावर ती दरवर्षी पांढऱ्या कागदाचा मोजा चिकटवायची. तो उलटा चिकटवायचा असतो, तळवा आभाळाकडे करून. रसात शिरायला आलेल्या भुताखेताचा पाय त्या मोज्यात गेला की ते डोक्यावर आपटते.

ओक्दान अठराची झाली त्या वर्षी विळ्याने तिचे बोट कापले. रक्त थांबायच्या आत तिने अंगण झाडायला घेतले आणि झाडूची मूठ लाल झाली. झाडू तोवर झिजून बोटभर उरला होता. आईने तो माझ्यामागे टाकला आणि विसरून गेली. माणसाचे रक्त लागलेल्या जुन्या वस्तूत दोक्केबी, म्हणजे खोडकर भूत, जागा होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचे खरे नाव कुणाला कळत नाही, म्हणून घरोघरचे आडनाव लावून सगळे त्याला किम जावई म्हणतात.

एका तिन्हीसांजेला माझ्यामागून एक उंच तरुण उठला. केस ताठ उभे, अंगाला धुळीचा वास. ओक्दान झाकण लावायला आली होती. ती घाबरली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "केस विंचरायला घरात कुणी नाही का?"

"घर हेच," तो म्हणाला, "पण मोज्यामुळे पुढे येता येत नाही."

वर्षभर ती दोघे माझ्या दोन बाजूंना बसून बोलली. ती ताटलीत कुट्टूच्या पिठाच्या मऊ वड्या आणायची आणि माझ्या झाकणावरून त्याच्याकडे सरकवायची. दोक्केबीला त्या जीव की प्राण. खाऊन झाले की तो तिचे हसणे ऐकत बसायचा. मी मधे होतो आणि मला त्या दोघांचेही फार वाटायचे. पण रांजणाला बाजूला कसे होता येणार?

पुढच्या वसंतात आईची नजर मंदावली होती. तिने मोजा सुलटा चिकटवला. तळवा खाली, जणू कुणी पाहुणा अंगणात पाऊल टाकतो आहे. त्या संध्याकाळी तो माझ्या पुढे आला. आला आणि पहिले काय केले? कुस्तीला आव्हान दिले. दोक्केबीची ती खोडच असते. ओक्दानने डावा पाय अडकवून त्याला पाडले, आणि तो पडल्या पडल्या इतका हसला की तीही त्याच्या शेजारी मातीत बसली. त्यानंतर अंगण रोज झाडलेले असे. लेक शहाणी झाली, असे आई गावभर सांगत सुटली.

मग एका दुपारी दोघी मायलेकी शेतात असताना आभाळ काळे झाले. भर दुपारी तिन्हीसांज झाली. माझे तोंड उघडेच होते. पहिले थेंब पडायच्या आत माझ्यामागून दोन हात आले आणि झाकण घट्ट लावून गेले. कुणाचे, ते मला माहीत होते. सांगायला जीभ नव्हती.

शेजारची चुनशिम मावशी लग्ने जुळवायची. एका संध्याकाळी ती ओक्दानसाठी स्थळ घेऊन आली आणि तिने अंगणात दोन गोष्टी पाहिल्या. एक सुलटा मोजा, आणि दुसरे म्हणजे त्या ताठ केसांच्या तरुणाला वड्या भरवणारी ओक्दान.

"अगं आंधळे, तूच त्याला दार उघडून दिलंस," ती आईला म्हणाली. "बांधून ठेव. उजाडलं की नुसती वस्तू उरेल. ती चुलीत घाल. मूठ जळली की तो कायमचा संपला."

मावशीने शिवणाच्या निमित्ताने ओक्दानला रात्रभरासाठी आपल्या घरी नेले. आईने वड्या केल्या. तो मुकाट्याने खात बसला आणि तिने त्याला गवताच्या दोरीने अंगणातल्या खांबाला बांधले. त्याने हात मागे घेतले नाहीत. ती ओक्दानची आई होती, एवढेच त्याला पुरे होते.

उजाडले तेव्हा खांबाला एक थोटा झाडू होता. आई चुलीतले जळते लाकूड घेऊन आली. तेवढ्यात ओक्दान अनवाणी धावत आली. ती रडली नाही की आईचा हात तिने धरला नाही.

"जाळायचा तर जाळ," ती म्हणाली. "पण आधी रस चाखून बघ. त्याच्यामुळे घर बुडालं असेल तर चव सांगेल."

मित्रांनो, माझ्या जन्मात मी एवढा कधी भ्यालो नाही. त्याचा जीव माझ्या पोटातल्या रसावर टांगला होता. आईने झाकण उचलले, बोट बुडवले, जिभेला लावले. पुन्हा एकदा बुडवून चाखले. चव फिरली नव्हती. मग तिचे बोट झाकणाच्या कडेवरून फिरले आणि आतल्या बाजूला अडकलेली ज्वारीची एक काडी तिच्या हाती आली.

"वादळाच्या दिवशी झाकण तू लावलंस ना?"

"मी कुठे? मला वाटलं, तू लावलंस."

आईने जळते लाकूड मातीत विझवले. दोरी सोडायला तिने झाडू हातात घेतला आणि मुठीवर तिला डाव्या हाताची गाठ लागली. डोळे मंद होते, पण बोटांना ओळख होती. ती खाली बसली आणि झाडू पदराशी धरून खूप रडली.

"संध्याकाळी उठला की सांग त्याला," शेवटी ती म्हणाली, "मागून येत जाऊ नको म्हणावं. जावई पुढच्या दाराने येतात."

त्या वर्षीपासून आमच्या घरी मोजा सुलटाच लागतो. गाव हसते, हसो बापडे. ओक्दान दर हिवाळ्याच्या तोंडाशी जुन्या मुठीवर नवी कणसे बांधायची. गाठ डाव्या हाताचीच. त्यांना एक मुलगी झाली. तिचे केस कितीही विंचरले तरी उभेच राहायचे. तिच्या मुलीचेही तसेच आहेत. ओक्दानच्या या नातीचे नाव बोन्ने.

ओक्दानची बोटे म्हातारपणी वाकडी झाली. गेली दोन वर्षे तिला गाठ मारता आली नाही. तो तिन्हीसांजेलाही उठत नसे, माझ्याशेजारी नुसता टेकून उभा असायचा, काड्या गळत. या हिवाळ्यात ओक्दान गेली. माझ्या पोटालाही तडा गेला आहे, रस आता नव्या रांजणात असतो. घर आवरताना कुणीतरी आम्हा दोघांना उकिरड्याच्या वाटेवर नेऊन ठेवले.

जुनी वस्तू टाकण्याआधी तिची मूठ एकदा हातात घेऊन बघा, मित्रांनो. माझे एवढेच मागणे आहे. कुणाची तरी गाठ तिथे असते.

आज दुपारी बोन्ने आम्हाला शोधत आली. मला तिने कसेबसे गडगडवत चौथऱ्यावर आणले आणि पुसले. मग माझ्याशेजारी बसून ती जुन्या मुठीवर नवी कणसे बांधत राहिली. डावी गाठ तिला तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली. माझ्या तडा गेलेल्या पोटावर तिने कागदाचा मोजाही लावला, सुलटा. आता ऊन उतरले आहे. झाडूच्या काड्या हलल्यासारख्या वाटतात, आणि आज वारा नाही.