बुटांजवळची जागा

रेल्वेच्या कामावरून आला तसा तोइहिर पलंगाच्या कडेवर टेकला. बूटसुद्धा काढले नाहीत. मी म्हटलं, हातपाय धुऊन घे, चहा टाकते. तर म्हणाला, "शुक्रवारच्या सभेत नासुर बोलणार आहे. त्याच्या दुकानात जाऊन सगळं सांगून आलोय."

"आणि नाही बोलला तर?"

"बोलेल गं. शब्द दिलाय."

नवरा दमलेला, बायको दमलेली, अशा घरात वाद घालायलासुद्धा अंगात जोर लागतो. मी चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत तो बसल्या जागी पेंगला.

माझा नवरा मार्सेय ते पॅरिस गाडीत सफाई करतो. सकाळी चढायचं, डब्यांतून पिशवी घेऊन फिरायचं, लोकांची उष्टी-खरकटी गोळा करायची, संडास पुसायचे. पॅरिस आलं की फलाटावर उभ्याउभ्या पाव खायचा आणि त्याच गाडीने उलटं फिरायचं. पॅरिसला इतक्यांदा गेलेला माणूस आमच्या वस्तीत दुसरा नसेल, आणि पॅरिस न पाहिलेलाही हाच. गावाकडून कोणी फोनवर विचारलं, तो मनोरा खरंच एवढा उंच आहे का, की हा म्हणतो, हो, खूप उंच. मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. पहाटेची बस माझी. तो परत येतो तेव्हा मी कमरेला पट्टा बांधून आडवी झालेली असते. असा आमचा फ्रान्समधला संसार.

म्बाए त्याचा गाडीतला जोडीदार. एक डब्याच्या या टोकाने निघायचा, दुसरा त्या टोकाने, आणि मध्ये भेटले की दोन शब्द. सोमवारी आवीन्यो स्टेशन मागे पडल्यावर म्बाए दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसला. तोइहिरला वाटलं, दम खातोय, खाऊ दे. पुढच्या स्टेशनवर पिशव्या उतरवायला त्याला हाक मारली, तेव्हा तो गेलेला होता. त्याच्या हातातला रबरी मोजा तोइहिरनेच काढला. हे मला त्याने सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, भिंतीकडे बघत.

आता प्रश्न होता म्बाएला मातीत कुठे ठेवायचं याचा. त्याला स्वतःला कुठे जायचं होतं ते तोइहिरला पक्कं ठाऊक होतं. इथे, मार्सेयच्या दफनभूमीत, सित्तीच्या शेजारी. सित्ती म्हणजे त्याची बायको, माझी मैत्रीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली. पण सित्ती त्याची लहान लग्नाची बायको.

आमच्या कोमोरोच्या बेटावर माणसाचं मोजमाप लग्नावर होतं. लहान लग्न म्हणजे काझी, दोन साक्षीदार, एक जेवण. ते झालं की पोरंबाळं होतात, संसार होतो, पण मान मिळत नाही. मान मिळतो मोठ्या लग्नाने. त्यात अख्खं गाव जेवतं, आठवडाभर नाचतं, आणि एवढं केलं की मग तो माणूस पूर्ण झाला. त्याने जरीचा कोट घालावा, पुढच्या रांगेत बसावं, सभेत बोलावं. ज्याने केलं नाही तो केस पिकले तरी गावचं पोर. त्याने मागे बसायचं, बुटांजवळ, आणि तोंड उघडायचं नाही. म्बाएने मोठं लग्न केलं होतं, गावी, मामाच्या मुलीशी. दर दोन-तीन वर्षांनी तिला भेटून यायचा. तोइहिरचं राहूनच गेलं. आधी भावाचं शिक्षण, मग आईचे डोळे, मग आमची तीन पोरं. दरवर्षी म्हणायचा, मोइनेशा, पुढच्या उन्हाळ्यात तुला हत्तीवरून मिरवतो. आमच्या बेटावर हत्ती नाहीत. मी म्हणायची, मिरव बाबा.

सभा शुक्रवारी दुपारी होती, वस्तीखालच्या हॉलमध्ये. बायका मागच्या स्वयंपाकघरात. तिथून हॉलमध्ये ताटं सरकवायला एक खिडकी आहे, त्यामुळे आम्हाला सगळं दिसतं आणि ऐकू येतं. नुसतं बोलता येत नाही. मी कसाव्याचा पाला नारळाच्या दुधात ढवळत होते. पुढच्या रांगेत जरीचे कोट. मधोमध सोइलिही आजोबा, वस्तीतले सगळ्यात मोठे. त्यांच्या डाव्या हाताला नासुर, मोबाइलच्या दुकानवाला, गेल्या उन्हाळ्यात मोठं लग्न उरकून आलेला. वयाने आमच्या थोरल्याएवढा. आणि दाराशी, बुटांच्या ढिगाजवळ, मिसरूड फुटलेली पोरं आणि त्यांच्यात पांढऱ्या दाढीचा माझा नवरा. कामावरून तसाच आला होता, निळ्या गणवेशात.

म्बाएचा पुतण्या उठला. गावाहून रोज फोन येतायत म्हणाला. गावचा मानाचा माणूस, त्याला परमुलखात कसं ठेवायचं? चौकात मांडव पडलाय, काकू पांढरं नेसून बसलीय. सगळ्यांनी माना डोलवल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. मग सोइलिही आजोबांनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचंय का?

मी नासुरकडे बघत होते. तोइहिरही बघत होता. नासुरने आपली नखं पाहिली, कोटाची बाही सारखी केली आणि मूग गिळून बसला. नवा नवा मान मिळालेला, तो पहिल्याच सभेत दुसऱ्याच्या मेलेल्या मित्रासाठी कोण पणाला लावणार? समजतं मला.

आजोबांनी दुआसाठी हात वर केले. आणि मागून तोइहिर उभा राहिला.

"म्बाएला सित्तीजवळ राहायचं होतं," तो म्हणाला. "मला सांगितलंय त्याने. एकदा नाही, कितीदा तरी." आवाज आधी बसका होता, मग सुटला. "गावाने त्याला मान दिला, कबूल. पण इथे कामावरून आल्यावर त्याला ताट वाढलं ते सित्तीने. तापात उशाशी बसली ती सित्ती. लहान लग्नाची बायको बायकोच असते. माझ्या घरीही आहे, मला माहितीय."

मी खाली बघितलं, पाल्याच्या पातेल्यात. इतक्या वर्षांत हा माणूस मला एकट्यात असं काही बोलला नव्हता, आणि बोलला ते सगळ्या गावासमोर, जिथे त्याला खोकायचीसुद्धा परवानगी नाही. मला रडू आलं. कांदा चिरणारी शेजारीण होती, तिच्यावर ढकललं.

सोइलिही आजोबांनी मान वळवली नाही. हात तसेच वर ठेवून ते म्हणाले, "मागे पोरांचा गोंगाट होतोय. ते दार लावून घ्या."

कोणीतरी दार लावलं. दुआ झाली. म्बाए शनिवारच्या विमानाने गावी जाणार, असं ठरलं. तोइहिरला कोणी एक शब्द बोललं नाही. पूर्ण माणूस असता तर सभा मोडली म्हणून दंड बसला असता, बैल द्यावा लागला असता, निदान चार लोक भांडले असते. पोराला दंड कोण करतं? तो खाली बसला. शेजारच्या पोराने त्याच्यासाठी जरा सरकून जागा केली.

मग जेवणं. आमच्यात पहिलं ताट सभेतल्या मोठ्या माणसाचं. बैलाच्या पाठीचं मांस, वर पहिला भात, आणि त्याने घास घेतल्याशिवाय हॉलमध्ये कोणी अन्नाला हात लावत नाही. ते ताट झैनाबा भरते, कारण तिचं मोठं लग्न झालंय. तिने ताट भरलं, फडक्याने कड पुसली आणि खिडकीत ठेवायला उचललं. मी ते तिच्या हातून घेतलं.

"मोइनेशा, कुठे निघालीस?"

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. पाय चालत होते. बाजूचं दार ढकलून मी हॉलमध्ये शिरले. पुरुष बसलेले असताना बाई आत येत नाही, त्यामुळे आधी कोणाला कळलंच नाही काय होतंय. सोइलिही आजोबांनी हात धुऊन पुढे केला होता. मी त्यांच्या समोरून गेले. नासुरसमोरून गेले. पोरांनी पाय आखडून वाट दिली. बुटांजवळ जाऊन मी ताट तोइहिरपुढे ठेवलं.

त्याने वर बघितलं. चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा. "हे काय करतेयस?" अगदी हळू म्हणाला.

"जेव," मी म्हटलं. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"मोइनेशा, उचल ते."

"मी नाही उचलणार. माझी कंबर गेलीय."

तो ताटाकडे बघत राहिला. आता उठून ते पुढे नेऊन ठेवेल, माफी मागेल, असं मला वाटलं. तसं केलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. त्याला याच लोकांत राहायचंय, मरायचंय. आजोबांनी पुढे केलेला हात मागे घेतला होता.

तोइहिरने निळ्या गणवेशाची बाही कोपरापर्यंत सारली. बिस्मिल्ला म्हणाला. भाताचा घास केला, त्यावर मांसाचा तुकडा घेतला आणि तोंडात घातला. तो सावकाश चावत होता, दिवसभराची गाडी धुऊन आलेला माणूस चावतो तसा. आणि धुतलेले हात मांडीवर ठेवून सगळी पुढची रांग त्याचा घास गिळून व्हायची वाट बघत बसली होती.