फुलाचं पाकीट वेगळं

माझ्या एलिएसेरला काडीची लाज नाही. मूल राहू नये म्हणून बायकोनं गिळायची गोळी हा कुंडीत घालतो. शेजारणीनं डोक्यात भरवलं, गोळी कुटून पाण्यातून दिली की ऑर्किड वर्षभर फुलतं. आमच्या क्विंदिओच्या डोंगरात हे खूळ घरोघरी आहे, कुणी केस वाढावेत म्हणून शाम्पूत घालतं. पण माझा लेक महिन्याला दोन पाकिटं आणायचा, एक यादिराला, एक फुलाला, आणि सकाळी दोघींना विचारायचा, "घेतलीस का गं?"

यादिरा माझी सून. अडतिशीची, आणि सिगारेट हातातून सुटत नाही. रविवारी तिची डावी पोटरी सुजून लाल झाली, तव्यासारखी तापली.

"आई, पाय टेकवत नाही हो."

मी एलिएसेरला गाडी काढायला लावली. बाहेर येऊन बघते तर पुढच्या सीटवर ऑर्किड, पट्टा बांधून, आणि यादिरा मागे केळ्यांच्या घडांवर!

"अरे मेल्या, झाड पुढे नि बायको मागे?"

"कळ्या आल्यात गं आई. उद्या प्रदर्शन आहे, मागे वाऱ्यानं गळतील."

सुनेला पुढे बसवलं. घडांवर मी बसले. कुंडी घेतली मांडीवर, काय करणार.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पायावरून यंत्र फिरवलं.

"नसेत रक्ताची गाठ झालीय. फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आत्ताच दाखल करते. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईला ही गोळी चालत नाही, त्यात हिचा रक्तदाबही चढलाय. दिली कुणी?"

"औषधवाल्यानं," एलिएसेर म्हणाला.

"काही तपासलं त्यानं?"

"कुणाला हवीय ते विचारलं. मी म्हटलं, दोघींना."

मग त्यानं कुंडी पुढे केली. "हिचीही बंद करू?"

बाईंनी पानं नीट न्याहाळली. "सिगारेट ओढते का ही?"

"छे हो!"

"मग गाठ नाही व्हायची. पण गोळीनं फुलतही नाही."

बाकावरची माणसं हळहळली. एकीनं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोटरी धरून बसलेल्या यादिराकडे कुणी बघेना.

"मग आता मूल राहू नये म्हणून हिला दुसरं काय द्यायचं?" त्यानं विचारलं.

"उपाय आहेत, सांगेन. नाहीतर तुमचं ऑपरेशन. छोटंसं असतं, त्याच दिवशी घरी."

"माझं?" तो कुंडीआड झाला. "मला उद्या प्रदर्शन आहे!"

यादिरानं माझ्या झग्याचा काठ धरला. "आई, मी मरते का हो?"

"मला विचारल्याशिवाय नाही." आणि मी लेकाकडे वळले. "एलिएसेर, दहा वर्षं तिनं गोळ्या गिळल्या. आता तुझा नंबर. ठेव ती कुंडी खाली, आणि ऑपरेशनला नाव नोंदव."