चोक कोण धरणार

गल्लीत त्यांना सगळे अ‍ॅव्हरेजकाका म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग येणं दूरच, उलट बरं वाटायचं. धंदा फोटोंना चौकटी करून देण्याचा. पण गिऱ्हाईक काचेचं माप सांगायला लागलं की काका त्याला गाडीचं सांगायला लागत. गाडी कसली, डबडं होतं ते. चार माणसं बसली की कुणाचा गुडघा कुणाचा हे विचारून घ्यावं लागे. पण पेट्रोल प्यायची ती कशी, तर चिमणीने पाणी प्यावं तशी. "वासावर चालते माझी गाडी," काका म्हणायचे. गिऱ्हाईक बिचारं हो म्हणायचं, कारण चौकट अजून त्यांच्या हातात असायची.

माणूस चिकट होता, यात वाद नाही. उतार आला की इंजिन बंद करायचा. मनाने वाईट नव्हता हो, पण पेट्रोलचा थेंब फुकट जळाला की याच्या पोटात दुखायचं. आणि त्या चिकटपणातूनच चोकची ती रीत पडली होती.

गाडी जुन्या जमान्यातली, तिला चोक होता. डॅशबोर्डवर एक काळी मूठ. गार इंजिन सुरू करताना ती बाहेर ओढून धरायची आणि इंजिन तापलं की आत ढकलायची. या गाडीत ती मूठ बाहेर टिकतच नसे. सोडली की गेली आत आणि गाडी बंद. दुसरा कुणी असता तर इंजिन तापेपर्यंत मूठ धरून दारातच उभा राहिला असता. काकांना ते कुठलं सोसायला. उभ्या गाडीने पेट्रोल जाळायचं म्हणजे काय चेष्टा आहे? किल्ली फिरवली की हे निघाले. मग एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गियरवर, आणि चोक कोण धरणार?

काकू धरत. लेक तान्ही होती तेव्हापासून. मांडीवर लेक, एका हातात मूठ. गल्लीच्या टोकाला औषधांच्या दुकानाशी वळण येई. तिथे काकू कान देत आणि इंजिनाचा आवाज बसला की मूठ हलकेच आत सारत. काकांनी 'आता' म्हणायला तोंड उघडावं, तोवर ती आत गेलेली असे. दुकानात एकट्याने जाता-येता मात्र काका चरफडत मूठ धरून उभे राहत. गॅरेजवाला कितीदा म्हणाला, "काका, द्या इकडे, चुटकीसरशी नीट करतो." काका म्हणत, "कशाला? आमच्याकडे माणूस आहे." काकूही म्हणत, "राहू द्या हो. मला तरी गाडीत दुसरं काय काम?"

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला आपण सगळेच विसरतो तसं, चष्मा कुठे, किल्ल्या कुठे. काका थट्टाही करत. मग शेजारीण कोण हे विसरल्या आणि थट्टा बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, की हे मागे फिरणारं दुखणं नाही. आहे ते जपा. ओळखीची माणसं, ओळखीच्या गोष्टी यांची सोबत सुटू देऊ नका. काकांनी त्यातली माणसं तेवढी ध्यानात ठेवली.

काकूंच्या डोक्यात आता माणसं उरली होती मोजकीच. लांबच्या गावी राहणारी थोरली बहीण, लेक आणि काका. लेकीलाही मधूनच "तू कुणाची गं?" असं विचारत. पण काकांना कधी विसरल्या नाहीत. काका दुकानातून आले आणि खाली गाडीचा तो खडखडाट ऐकू आला की वर काकू दार उघडून उभ्या. "अहो, उशीर केलात," हे ठरलेलं वाक्य. काकांना त्याचा थोडा ताठाही होता. लेकीला म्हणायचे, "सगळं जाईल गं, पण मी नाही जायचा तिच्या डोक्यातून. इतक्या वर्षांत तेवढं तरी कमावलंय."

बहिणीकडे जायचं काकूंनी मनावर घेतलं होतं. दिवसातून दहा वेळा तेच, "ताईकडे कधी जायचं?" बहीणही थकलेली, प्रवास करण्यासारखी नव्हती. तेव्हा काकांनी एका सकाळी गाडी काढली. काकूंनी मूठ धरली, वळणावर आत ढकलली, सगळं नेहमीसारखं. आणि भर माळावर, जिथे सावलीला झाड नाही तिथे, गाडीने मान टाकली.

काकांनी बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपाची कुरकुर होती. नळी काढ, फुंकर मार, परत बसव, यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोकं वर काढलं तर काकूंचं दार उघडं आणि आसनावर नुसती पर्स.

त्या दुपारी काका किती पळाले, किती ट्रकवाल्यांना हात केले, ते त्यांनाच सांगता येणार नाही.  काकू सापडल्या त्या रस्त्यालगतच्या पंक्चरवाल्याच्या टपरीत. पायात चप्पल नाही, तळव्यांना फोड. काकांना बघून म्हणाल्या, "अहो, झाली का गाडी सुरू? मी चोक धरायला येतच होते."

हे ऐकून लेक तडक घरी आली. ओरडली नाही, ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं आणि ती टपरी नसली तर? एक तर गाडी बदला, नाहीतर आईला मी घेऊन जाते. तिकडे तिच्यासारख्यांना सांभाळणारी जागा आहे."

"तिला माझ्यापासून नेणार तू?"

"मग गाडी बदला."

गॅरेजवाल्याकडे एक गाडी विकायला आली होती. अगदी नवी नव्हे, पण नवीसारखी. एका शिक्षिकेने जपून वापरलेली, कुठे ओरखडा नाही. काका आधी एकटे गेले, मग काकूंना घेऊन गेले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. काका एकीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून पहिलीकडे नुसते फिरत राहिले. लेकीसाठी स्थळ बघतानाही त्यांनी एवढा घोळ घातला नव्हता.

"अ‍ॅव्हरेज?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"तुमच्या म्हातारीच्या निम्मं धरा," गॅरेजवाला म्हणाला. "खोटं कशाला बोलू? ती खाते कमी, पण वाटेत बसते. ही खाईल जास्त, पण पोचवेल. तुम्हाला जपायचं काय आहे, पेट्रोल की काकू?"

 काकांनी काकूंना नव्या गाडीत बसवलं. "कशी आहे?"

"छान आहे की," काकू म्हणाल्या. "कुणाची?"

"आपली. घेऊ या?"

"तुम्हाला आवडली तर घ्या."

काकांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेट्रोलचा विचार बाजूला ठेवला होता आणि बायकोसाठी ठेवला होता. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठही थोपटली. जुनी गाडी बदल्यात गॅरेजवाल्यालाच दिली. "मोडीत निघेल हो," तो म्हणाला. "निघू दे," काका म्हणाले आणि मागे वळून बघायचं त्यांनी टाळलं.

ताईकडे निघायची सकाळ आली. काकू पुढच्या आसनावर बसल्या. काकांनी बटण दाबलं. गाडी सुरू झाली हे कळलंसुद्धा नाही, इतकी गुणी. गल्लीतून निघताना काकूंचा हात पुढे गेला. डॅशबोर्डवर चाचपडत राहिला. रेडिओच्या बटणावर गेला, एकदम गाणं लागलं, तशा दचकल्या. काकांनी रेडिओ बंद केला. हात पुन्हा पुढे. वाऱ्याच्या जाळीवर, कप्प्याच्या कडीवर, जिथे मूठ असायला हवी त्या सपाट जागेवर. औषधांचं दुकान आलं, वळण गेलं. काकूंनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकून ठेवला.

गाडी झोकात चालली होती. गेल्या खेपेचा तो माळ कधी मागे पडला ते समजलं नाही. काका खुशीत म्हणाले, "बघितलंस? वाटेत बसायचं नाव नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, जरा अंग चोरून.

"गाडी छान आहे तुमची, दादा," त्या म्हणाल्या. "पण मला ताईच्या दारात सोडाल ना? आमचे हे मागून येतायत."

काकांच्या हातातलं स्टिअरिंग हललं नाही, गाडी चांगली होती म्हणून. "अगं, मी," असं ते म्हणाले. मग गाडी कडेला घेऊन पुन्हा म्हणाले, तोंड तिच्यासमोर नेऊन म्हणाले. काकू भेदरून दाराला चिकटल्या आणि दाराची कडी शोधू लागल्या. तेव्हा काका मागे सरले आणि निघाले.

ताईला मात्र काकूंनी दारातूनच ओळखलं. गळ्यात पडल्या, लहानपणीच्या नावाने हाक मारली. मग काकांकडे हात करून म्हणाल्या, "या भल्या गृहस्थांनी सोडलं गं मला. यांना पाणी दे." ताईने काकांकडे पाहिलं. काकांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेरच्या पायरीवर बसून प्यायले. ज्यासाठी आले होते ते झालं होतं. बहिणी भेटल्या होत्या.

घरी परतल्यावर सारं पहिल्यासारखं होईल असं काकांना वाटलं होतं. झालं नाही. दुकानातून यायच्या वेळी काकू खिडकीत उभ्या राहत. खाली नवी गाडी येई, मुकाट. काका जिना चढून आत येत, तरी काकू खिडकीतच. "अजून आले नाहीत," काकांनाच सांगत. "आवाज नाही आला गाडीचा." सकाळी उठल्यावर एखाद्या वेळी ओळखत, "अहो" म्हणत. मग तेही विरळ झालं. एवढे शब्द असतात माणसाच्या तोंडात, पण काका तेवढ्या एका शब्दासाठी तिच्या तोंडाकडे बघत बसत.

काका गॅरेजमध्ये गेले. "माझी गाडी परत दे. हवी तर ही ठेव, वरून काय मागशील ते देतो." अ‍ॅव्हरेजकाकांच्या तोंडी हे वाक्य ऐकून गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला.

"काका, ती गेली. इंजिन एकाने नेलं, सांगाडा भंगारात. मी तुम्हाला म्हणालो होतो ना."

 मग गॅरेजवाल्याने उठून खोकी उचकटली, डबे पालथे केले आणि एक काळी मूठ आणून काकांच्या हातात दिली. मागे तुटकी तार लोंबत होती. "एवढं आहे. कुणी घेत नाही हे." तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं म्हणतात ते असं.

काकांनी चौकटींना भोकं पाडायचं ड्रिल आणलं आणि नव्या गाडीच्या त्या गुळगुळीत डॅशबोर्डला स्वतःच्या हाताने भोक पाडलं. जागा मापायला फुटपट्टी लागली नाही. काकूंचा हात कुठवर जातो ते त्यांना ठाऊक होतं. मागे स्प्रिंग लावून मूठ बसवली. ती कशालाही जोडलेली नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी काकूंना गाडीत बसवलं. बटण दाबलं. काकूंचा हात पुढे गेला, मूठ सापडली आणि बोटं तिच्याभोवती अशी बसली, जशी कधी सुटलीच नव्हती. ओढली. काकांनी गियर टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. गल्ली सरली. औषधांचं दुकान आलं. काकूंनी कान दिला.

ऐकण्यासारखं काही नव्हतं. नव्या गाडीचं इंजिन गार असताना जसं, तसंच तापल्यावर. काकू मूठ ओढून धरून वाट बघत राहिल्या. वळण गेलं, बाजार गेला, शाळा गेली. बोटं पांढरी पडली तरी धरून होत्या. मग स्प्रिंग सुटली आणि मूठ तारेसकट त्यांच्या हातात आली.

काकूंनी ती उलटसुलट करून बघितली, रुमालाने पुसली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"दादा, रागावू नका, पण हे आमच्या ह्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "याच्याशिवाय त्यांना गाडी सुरू करता येत नाही. आले की त्यांना देते."

काकांनी विचारलं, "कसे आहेत हो ते?"

"चिकट आहेत," काकू म्हणाल्या आणि जराशा हसल्या. "पण मला सोडून कुठे जात नाहीत."

"मग आज कुठे गेलेत?"

काकूंनी काचेतून मागे, आलेल्या रस्त्याकडे वळून पाहिलं.

"बंद पडली असेल कुठेतरी गाडी. जुनी आहे ना. आणि चोक धरायला मी नाही."