निशिगंधाच्या वाफ्यातलं रोप

"उपटा ते! बघताय काय नुसतं?"

महादेवीनं गॅलरीच्या कठड्यावरून हुकूम सोडला. खाली बागेत सोमलिंगअप्पांनी एक रोप मुळासकट उपटून वर धरलं.

"हेच न्हवं?"

"कुर्डू हाय ते. टाका. शेजारचं बी काढा. न्हाय न्हाय, ते न्हाय! ती गुलबाक्षी हाय माझी. हात मागं घ्या आधी!"

अप्पांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला. महादेवीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाग ही अशी वरून, आवाजावर चालली होती. कुर्डू, आघाडा, लव्हाळा... रोज सकाळी सगळ्या गल्लीला फुकटात तणांची ओळख व्हायची. बाग करायची ती बायकोनं आणि फुलं देवाला वाहायची ती नवऱ्यानं, अशी या घरातली जुनी वाटणी. आमच्या ह्यांना मोगऱ्यातलं आणि जाईतलं कळलं तरी पुष्कळ झालं, असं ती चारचौघांत बिनदिक्कत सांगायची आणि अप्पाही मान डोलवायचे.

दवाखान्यातून आली त्या दिवशी तालमीतल्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून वर आणली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना चढा, उतरा, नाहीतर नवा गुडघासुद्धा आखडून बसेल. घरात ती काठीशिवाय चालायची. पण जिना उतरायला म्हणून एकदा गेली, पाय लटपटला, अप्पांनी धरली म्हणून वाचली. तेव्हापासून पहिल्या पायरीशी नुसतं उभं राहिलं तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. लेक फोनवर रडली, व्यायाम घ्यायला येणारी मुलगी रागावली, अप्पांनी तर हात जोडले. बाई ढिम्म हलायला तयार नाही.

"मला काय करायचंय खाली? सगळं दिसतंय की हितनं."

दिसत होतं, ते खरंच. फक्त गॅलरीच्या बरोबर खाली, भिंतीला लागून असलेला निशिगंधाचा वाफा तेवढा दिसत नव्हता. आणि एक रोप उगवलं ते नेमकं तिथंच.

"निशिगंधात कायतरी भारी उगवलंय बघ," अप्पा जेवताना म्हणाले.

"काय उगवलंय?"

"मला काय कळतंय त्यातलं? नक्षीदार पान हाय."

"फोटो काढून आणा."

अप्पांनी काढून आणला. फोटोत त्यांचा अंगठा झकास आला होता.

मग महादेवीनं शेजारच्या तानाबाईला हाक मारून कुंपणावरून बघायला लावलं.

"शेवंती हाय की वैनी! चांगल्या जातीची दिसतीया."

दूध घालायला आलेला ज्ञानू म्हणाला, कॉसमॉस. व्यायामवाली मुलगी जाता जाता वाकून बघून गेली आणि खालूनच ओरडली, "काकू, फुलांच्या बुकेमध्ये घालतात ना, त्यातलं वाटतंय!" एका रोपाची तीन नावं! महादेवीच्या घशाखाली घास उतरेना. आजवर या बागेत तिला न विचारता कुणाचं बारसं झालं नव्हतं. तीनतीनदा ती जिन्यापर्यंत गेली, खाली बघितलं आणि परत फिरली.

एका सकाळी अप्पांनी वर्दी दिली.

"पांढरी फुलं आली गं! इवली इवली. लई गोजिरी!"

पाठोपाठ तानाबाईचा आवाज आला. "वैनी, अप्पांनी बांबू रोवला त्याला!"

"वाढतंयच तसं," अप्पा म्हणाले. "ह्या निशिगंधाची तेवढी अडचण व्हायलीया. चारपाच गड्डे काढून टाकतो, म्हंजे जागा हुईल."

"माझ्या निशिगंधाला हात लावायचा न्हाय! सांगून ठेवते!"

"हात कशाला? कुदळ आणलीया की."

आई गेली त्या वर्षी महादेवीनं ते गड्डे गडहिंग्लजहून आणले होते, पिशवी मांडीवर धरून, एस.टी.नं. माहेरचं म्हणावं असं तेवढंच तिच्याकडं उरलं होतं. खाली कुदळीचा ठक्क आवाज झाला आणि तिचा पारा चढला.

"थांबा! आले मी! बघतेच तुमच्याकडं!"

दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून तिनं पाय खाली टाकला. मग दुसरा. पाय थरथरत होते, पण तोंडाचा पट्टा चालू होता. अक्कल न्हाय तर विचारावं माणसानं. पायरी. उभ्या जन्मात एक रोप लावलं न्हाय. पायरी. आणि निघालेत गड्डे काढायला! जिना कधी संपला आणि मातीला पाय कधी लागले, तिला कळलंही नाही. तरातरा ती वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली.

निशिगंध जागच्या जागी होता. कुदळ बाजूच्या दगडावर टेकवलेली होती. आणि मध्ये आळं केलेलं, शेणखत घातलेलं, सुतळीनं बांबूला बांधलेलं, कमरेएवढं माजलेलं गाजरगवत!

अप्पा म्हणजे गारगोटीकडच्या शेतकऱ्याचं पोर. चालायला लागल्यापासून बांधावरचं हेच गवत उपटत मोठं झालेलं. त्याला गाजरगवत ओळखू येऊ नये? महादेवीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले होते, त्या गवतानं खाज सुटून पुरळ उठलं होतं.

"गाजरगवत हाय हे," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता.

"व्हय काय?" अप्पा साळसूदपणे म्हणाले. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

कुंपणापलीकडं तानाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. ज्ञानू दुधाची किटली धरून तसाच उभा होता. रोपाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तिच्या पायांकडं बघत होते.

महादेवीनंही खाली बघितलं. मग वळून जिन्याकडं. मग मोकळ्या पडलेल्या गॅलरीकडं.

"उतरले की मी!"

ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की गल्लीच्या टोकापर्यंत खिडक्या उघडल्या. तानाबाईनं टाळ्या पिटल्या. ज्ञानूनं कडक शिट्टी मारली. महादेवी हसत होती, रडत होती, आणि हसताहसता अप्पांना शिव्या घालत होती.

अप्पांनी डोळे पुसले आणि ते गवत उपटायला वाकले.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली.

"आता गं कशाला ठेवायचं?"

"हाताला खोबरेल लावा आधी, जावा." तिनं पदर खोचला. "उद्या सकाळी मी येते उपटायला."