सगुणाची गोष्ट कुणी फोडली

नागपुरात जरीपटक्याहून बर्डीकडे निघालेल्या शेअर ऑटोत अरुंधती पांढरीपांडे कडेला बसली होती. शेजारच्या दोन बाया बोलत होत्या, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मग एक नाव कानावर आलं आणि तिनं मान वळवली.

"सगुणानं मंगळसूत्र मोडून वजनकाटा घेतला म्हणते," त्यातली तरुण सांगत होती. "आता संत्री सोताच तोलन."

"नवऱ्याले विचारलं नसन?"

"त्याले काहून विचारन? बरं केलं तिनं."

दोघी इंदोरा चौकात उतरून गर्दीत दिसेनाशा झाल्या. अरुंधतीला हाक मारायचंही सुचलं नाही.

सगुणा कुणाची शेजारीण किंवा नातेवाईक नव्हती. ती अरुंधतीच्या पहिल्यावहिल्या कादंबरीतली बाई होती. कादंबरी अजून अर्धीच झाली होती आणि काट्याचं प्रकरण तर मागच्याच आठवड्यात लिहून झालं होतं.

अरुंधती मुळात संशयी नव्हती, अनुभवानं झाली होती. ती एका सरकारी कचेरीत नोकरीला असताना तिनं लिहिलेला लेख कचेरीच्या दिवाळी अंकात साहेबांच्या नावानं छापून आला. सगळ्यांनी साहेबांचं अभिनंदन केलं, तिनंही केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं एक ओळ लिहिली नाही. निवृत्तीनंतर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं.

म्हणजे कागद पाहिलेली माणसं दोनच. नवरा कृष्णकांत आणि जरीपटक्यात टायपिंगचं दुकान चालवणारी करिष्मा.

घरी पोचताच तिनं कृष्णकांतला गाठलं. सकाळी बागेत फिरायला जातोस, तिथे मित्रांना काय सांगितलंस, असं तिनं विचारलं. तो भाजी निवडत होता. सगुणा कोण, असं त्यानं उलट विचारलं. अरुंधतीला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. टेबलावर महिनोन्महिने पडलेले कागद या माणसानं उघडूनही पाहिले नव्हते.

उरली करिष्मा. जरीपटक्यातल्या सिंधी घरातली ही मुलगी, शिकली मराठी शाळेत. तिचं टायपिंग स्वच्छ होतं, म्हणून तर अरुंधती इतक्या लांब तिच्याकडे जायची. आता तिला करिष्माच्या एकेक गोष्टी वेगळ्याच दिसायला लागल्या. अरुंधती दुकानात शिरली की करिष्मा खण पटकन लोटायची. "काकू, सगुणाचा नवरा परत येतो का?" असं तिनं एकदा विचारलं होतं. टायपिंग करणाऱ्या मुलीला त्याच्याशी काय करायचंय? पुण्याहून मुलगी वेदिका फोनवर बजावायची की हल्ली गोष्टी चोरून त्यावर मालिका काढतात, आई, जपून.

सरळ विचारलं असतं तर करिष्मा नाही म्हणाली असती, आणि मग खरं कधीच कळलं नसतं. म्हणून अरुंधतीनं सापळा लावायचा ठरवला. तिनं मुद्दाम एक खोटं प्रकरण लिहिलं. त्यात सगुणा काटा विहिरीत टाकते, मारकुट्या नवऱ्याच्या पाया पडते आणि त्याच्या मागोमाग घरी जाते. हे ज्याच्या तोंडून ऐकू येईल तो चोराच्या ओळखीचा, असा तिचा हिशेब.

टाइप करायला दिलेले ते कागद करिष्मानं वाचले. तिचा चेहरा उतरला.

दोन दिवसांनी अरुंधती दुकानासमोरच्या रसवंतीत जाऊन बसली. दुपारी करिष्मानं शटर अर्धं ओढलं आणि एक पिशवी छातीशी धरून ती ऑटोत बसली. अरुंधतीनं मागचा ऑटो केला. पुढे कुठल्या तरी प्रकाशकाचं किंवा मालिकावाल्याचं ऑफिस येईल, तिथे काय काय बोलायचं, हे ती मनाशी जुळवत होती. करिष्माचा ऑटो इंदोरा चौकातल्या एका दवाखान्याशी थांबला.

जिना चढून करिष्मा डायलिसिसच्या खोलीत गेली. अरुंधती दाराआड उभी राहिली. आत एका ओळीत खाटा होत्या. प्रत्येक खाटेवर हाताला नळ्या लावलेलं माणूस आणि शेजारी घरघरणारं यंत्र. करिष्मा आपल्या आईच्या पायाशी बसली, पिशवीतून कागद काढले आणि मोठ्यानं वाचू लागली. सगुणानं काटा विहिरीत टाकला तिथे खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला.

"थांब वं पोरी. हे खोटं आहे."

बोलणाऱ्या अंजनाबाई काटोलच्या. उपचारासाठी सुनेला घेऊन बसनं नागपूरला यायच्या. ती सून, रितिका, पाणी घेऊन उभी होती. हीच ती ऑटोतली तरुण बाई.

"सगुणा अशी करनच नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "लिहिणारीले कोणी तरी दाब देऊन राहिलं."

दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं संसारात वाकावंच लागतं म्हटलं, तर रितिकाच त्याच्याशी भांडायला लागली. अरुंधती ऐकत राहिली. आपल्या सगुणासाठी माणसं भांडताहेत हे तिला कळत होतं, आणि तरी राग जात नव्हता. ती आत गेली.

करिष्माच्या हातातले कागद खाली पडले. ती रडली नाही, पण सांगताना अडखळत होती. आईला सुईची फार भीती. एकदा टायपिंग चालू असलेलं प्रकरण तिनं आईला वाचून दाखवलं, तर आई सुई विसरली. मग शेजारच्या खाटेवरून मोठ्यानं वाचायला सांगितलं गेलं. पुढे सगळेच वाट पाहायला लागले. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं काकू," ती म्हणाली. हे खरंच होतं.

अरुंधतीनं सगळे कागद मागून घेतले. कुणी फोटो काढलेत का, कुणाला पाठवलेत का, हे तिनं प्रत्येकाला विचारलं. ती निघणार एवढ्यात अंजनाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता.

"तुम्हीच लिहिता का हे? मग असं काहून लिहिलं?"

"चोर पकडायला," अरुंधती म्हणाली. तिला तिचंच बोलणं विचित्र वाटलं.

"बरं. चोर सापडला. आता सगुणाचं खरं काय झालं ते सांगा."

अरुंधतीला ते सांगता येईना, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं. काट्यानंतर गोष्ट अडली होती, लिहायचं सोडूनच द्यावं असंही मनात येऊन गेलं होतं. अजून लिहिलं नाही, एवढंच ती बोलली.

"मग लिहा," अंजनाबाई म्हणाल्या. "मंगळवारी आम्ही येतोच."

मंगळवारी अरुंधती आली नाही. करिष्माशी तर ती महिनाभर बोलली नाही. पण लिहायला बसली की खिडकीजवळची खाट डोळ्यांसमोर यायची आणि खोटं वाक्य खोडावं लागायचं. शेवटी ती नवं प्रकरण घेऊन दवाखान्यात गेली आणि स्वतःच वाचलं. कागद मात्र दर वेळी परत घरी न्यायची. ही माणसं आजारी आहेत, वेळ घालवायला काहीही ऐकतील, मनात कौतुक नसेलच, असं तिला परतताना हमखास वाटायचं.

पावसाळा संपता संपता अंजनाबाईंची डायलिसिसची सोय काटोललाच झाली. नागपूरला यायचं काही कारण उरलं नाही. अरुंधतीनं मनाशी म्हटलं, झालं, गोष्ट खरंच हवी होती की नाही ते आता कळेल.

शेवटचं प्रकरण वाचायच्या दिवशी ती खोलीत गेली तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. अंजनाबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. हाताला नळी नव्हती. बसच्या प्रवासानं चेहरा सुकला होता. दवाखान्यात काही काम निघालं का, असं अरुंधतीनं विचारलं.

"काम कायचं?" त्या म्हणाल्या. "पोरीनं फोन केला, सगुणासाठी आली. वाचा."

अरुंधतीनं कागद काढले. पहिली ओळ वाचली आणि ती थांबली. मग तिनं कागद करिष्माच्या हातात दिले आणि ती अंजनाबाईंशेजारी ऐकायला बसली.