लाल रंगाची चौकट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, आणि मित्रांनो, आज माझा संताप झाला आहे.

माझ्यावर बारीक जाळीचं कापड ताणलेलं असतं. वहिनी त्यावर शाई ओतते, रबराची पट्टी दाबून ओढते आणि जाळीच्या उघड्या छिद्रांतून शाई खालच्या डब्यावर उतरते. ती मालकाची भावजय, म्हणून सगळ्या कारखान्याचीच वहिनी. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. निळी चौकट मालाचं नाव आणि फुलं छापते. मी लाल. माझ्यावर एकच शब्द आहे : विष.

डबे फरशी धुण्याच्या ॲसिडचे. आमच्याकडे प्यायचं पाणीही अशाच पांढऱ्या डब्यांत येतं.

आमचं कुळ जुनं आहे. गुहेच्या भिंतीवर हात टेकून भोवती रंग फुंकणाऱ्या माणसाचा हात हाच त्याचा साचा होता. पुढे जपानमध्ये कागद कोरून कापडावर नक्षी उठवू लागले. पण कागदात गोल कोरला की मधला तुकडा गळून पडतो! तो जागेवर राहावा म्हणून केसांचे, रेशमाचे धागे लावले. नंतर चौकटीवर अख्खं रेशमी कापडच ताणलं गेलं. म्हणून तर ‘विष’मधल्या ‘व’चं पोट माझ्यावर शाबूत राहतं.

आणि हाच शब्द मालकाला नकोसा झाला.

“वहिनी, लाल सोडा. निळा वाळवायचा, मग लाल, परत वाळवायचं. उद्या गाडी येतेय.”

“आणि कुणी प्यालं म्हणजे?”

“वासावरून कळतं हो माणसाला.”

“लेकराला कळतं, भावजी?”

तो डबे मोजायला वळला. पण वहिनी घरी गेल्यावर त्याने माझ्यावर शाई फासली आणि मला तसंच ठेवलं. छिद्राछिद्रांत शाई वाळून दगड झाली. सकाळी हाच गळा काढतो, “अरेरे, चौकट बाद झाली की!” मला तोंड असतं तर चारचौघांत त्याची लाज काढली असती.

वहिनीने जाळीवरून बोट फिरवलं. “ही आपोआप नाही भरली,” एवढंच म्हणाली आणि पात्याने जुनी जाळी सोलून काढली. नवी ताणली. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर लेप दिला, काळ्या अक्षरांची फिल्म ठेवली आणि दिवा लावला. उजेड पडला तिथे लेप कडक झाला. अक्षरांखालचा मऊच राहिला, तो पाण्याने वाहून गेला. माझा शब्द उघडला.

“गाडी आली! नुसते निळे छापलेले डबे चढवा!” मालक दारातून ओरडला.

वहिनीने दोन कोरे डबे त्याच्यासमोर आदळले. “एकात पाणी आहे, एकात तुमचा माल. हुंगायचं नाही, सर्दी झालीय असं धरा. सांगा, तुमच्या लेकीला कुठल्यातलं देऊ?”

त्याने एक डबा उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही खाली ठेवले. मग पुटपुटला, “गाडीवाल्याला थांबवतो.”

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. ओली शाई चिंधीने निघते, वाळलेल्या शाईपायी माझी कातडी जाते. काम झालं की आम्हाला लगेच धुवा. आणि सावध करणाऱ्याचं तोंड बुजवू नका.

सगळे डबे छापून झाल्यावर मला धुवायला वहिनीने मालकालाच बसवलं. कोपऱ्यात थोडं लाल राहिलं.

“परत,” वहिनी म्हणाली.