एकमताने

कोलाचींचं ताट वाचलं, पण लिबी पडली.

अंगणात रात्रीतून बर्फाचा पातळ थर धरला होता आणि दोन्ही हात ताटाला अडकले होते. मतदानाच्या दिवशी टाउनशिप हॉलवर खसखशीच्या सारणाच्या कोलाची, म्हणजे भरलेले गोड पाव, कुचेरांच्या घरूनच जायच्या. लिबीनं ताट वर धरलं आणि स्वतः खाली गेली.

रस्त्यापलीकडच्या शेतावरून अर्विन हॅन्के धावत आला. ऐंशीच्या घरातला माणूस जेवढा धावेल तेवढाच.

"हलू नकोस. रुग्णवाहिका बोलावलीय. ते ताट दे इकडे."

"आधी मला उचल आणि गाडीत घाल. मत द्यायचंय."

"अगं, तुझा पाय भलत्याच दिशेला वळलाय!"

"मत तर सरळ जातंय ना? मग झालं."

रुग्णवाहिकेतून उतरलेली जॅनेल लहानपणी लिबीच्याच शाळेच्या बसमध्ये बसायची. तसं सगळं गावच कधी ना कधी त्या पिवळ्या बसमध्ये बसलं होतं आणि लिबीची बोलणी खाऊन गप्प झालं होतं.

"मिसेस कुचेरा, खुबा मोडलाय तुमचा. थेट रॉचेस्टरला न्यावं लागेल, आजच ऑपरेशन."

"वाटेत हॉलपाशी दोन मिनिटं थांब गं. खुब्यानं थोडंच मत द्यायचंय?"

जॅनेलनं तिला सुई टोचली आणि लिबीचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. अर्विन ताट धरून फाटकाशी उभा होता. एक कोलाची त्यानं तोवर खाल्लीही होती.

आता एका मतासाठी एवढा आटापिटा का करायचा, तर त्याला कारण होतं. निवडणुकीनंतरच्या गुरुवारी तालुक्याच्या साप्ताहिकात गावोगावचे निकाल छापून येत. आयोवाच्या त्या कोपऱ्यात लिबीच्या गावचा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या जागेचा निकाल कैक वर्षं ठरलेला: रिपब्लिकन पन्नासच्या वर, डेमोक्रॅट एक. ते एक कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको होता. शुक्रवारी लिबी खत-बियाण्यांच्या दुकानात शिरली, की मालक मर्ल गल्ल्यामागून ओरडायचा, "अभिनंदन, लिबी! तुमच्या पक्षात यंदाही निर्णय एकमताने!"

लिबीच्या लहानपणी पारडं अगदी उलटं होतं. त्या वेळचा डेमोक्रॅट काँग्रेसमन विल्मर डोलेझाल भांडून भांडून या शेतांपर्यंत वीज घेऊन आला. खांबांचे खड्डे लिबीच्या बापानं खणले. दिवा पेटला तेव्हा तिच्या आईनं वर पाहिलं, छताची काजळी तिला पहिल्यांदाच धड दिसली आणि ती रात्रीच फडकं घेऊन स्टुलावर चढली. त्या वर्षी सगळं गाव डोलेझालचं झालं. अपवाद एकच, अर्विनचा बाप. निकालात तेव्हा रिपब्लिकन एक असायचा आणि त्याची टिंगल करण्यात लिबीचा बाप सगळ्यांच्या पुढे.

मग डोलेझाल गेला. मक्याचे भाव पडले, शेतांचे लिलाव झाले, मुलं शहरांकडे निघून गेली. दर दहा वर्षांनी मतदारसंघाचा नकाशा नव्यानं आखला जायचा. गाव तसूभर हललं नाही, तरी तीन मतदारसंघ फिरून आलं. एकेक घर पलीकडे गेलं. लिबीच्या नवऱ्यानं, एमिलनंसुद्धा एका वर्षी बाजू बदलली आणि जेवताना कबूल केलं. त्या दिवशी लिबीनं त्याला बटाटे गार वाढले, पण वाढले. ती स्वतः मात्र राहिली. कागदावरचा तो एक पुसला गेला तर बापानं रोवलेले खांब कुणी उपटून नेल्यासारखं तिला वाटलं असतं. आपल्या जिवात जीव असेतो तिथे भोपळा येऊ द्यायचा नाही, एवढीच तिची जिद्द होती.

ती शुद्धीवर आली तेव्हा मतदान केव्हाच संपलं होतं.

गुरुवारी अर्विन दवाखान्यात आला, तो रिकामं ताट आणि साप्ताहिक घेऊन. अर्विन म्हणजे जिल्ह्याच्या रिपब्लिकन कमिटीचा जुनं खोड. लिबीनं पेपरकडे पाठ फिरवता येत नव्हती म्हणून निदान मान फिरवली.

"वाच की," तो म्हणाला.

"काय वाचू? भोपळा?"

"वाच तर."

तिनं वाचलं. रिपब्लिकन पंचावन्न, डेमोक्रॅट एक. चष्मा पुसून तिनं पुन्हा वाचलं.

"अर्विन, हे कुणाचं?"

"मला काय ठाऊक? मतदान गुप्त असतं."

"आपल्या गावात? गुप्त?"

"एखाद्याचा चष्मा घरी राहिला असेल," अर्विन खिडकीकडे बघत म्हणाला, "काळा केला असेल मतपत्रिकेवरचा भलताच गोल."

त्याचा स्वतःचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकत होता. ती दोरी त्याच्या बायकोनं, डॉरिसनं, विणलेली होती, आणि डॉरिस वारल्यापासून आंघोळ सोडली तर त्यानं ती गळ्यातून काढली नव्हती. लिबीनं चष्म्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. अर्विनचे कान लाल झाले होते.

"ज्या वर्षी आमच्या बाबांना निमोनिया झाला," तो म्हणाला, "त्या वर्षी रिपब्लिकन भोपळा आला होता. आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत."

"आठवतंय. माझे बाबा हसले होते त्यावर."

"माहितीय. रस्ता ओलांडून आमच्या घरात ऐकू आलं होतं."

लिबीला एकदम भरून आलं. बापाच्या वतीनं काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. तिनं अर्विनचा हात घट्ट धरला. त्यानं तो धरू दिला.

"पुढच्या वेळी मात्र आपल्या पायांनी ये बाई," तो म्हणाला. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला."

मग लिबी इतकी हसली, की नर्सला येऊन टाके तपासावे लागले.

पुढच्या वेळी ती आपल्या पायांनी आली. हातात काठी, आणि कोलाचींचं ताट जॅनेलच्या हातात. अर्विन मात्र नव्हता. त्या वर्षीच्या वसंतात, ट्रॅक्टरला तेल घालता घालता, तो गेला होता. टाउनशिपचा विश्वस्त म्हणून बांधांची भांडणं सोडवायची आणि टेकडीवरच्या दफनभूमीचं गवत कापून घ्यायचं, हे काम त्यानं जन्मभर केलं. आता तो तिथेच मुक्कामाला होता. त्याच्या जागेसाठी या वर्षी कुणीच उभं राहिलं नव्हतं.

लिबीनं आपला नेहमीचा गोल नीट काळा केला. मग पान उलटलं. विश्वस्तपदाखाली एकही छापील नाव नव्हतं, हवं ते नाव लिहायला नुसती एक रिकामी रेघ होती. लिबीनं चष्मा नाकावर सारखा केला आणि त्या रेघेवर सावकाश एक नाव लिहिलं.

शुक्रवारी ती दुकानात शिरली. मर्लच्या पुढ्यात पेपर उघडाच होता.

"अभिनंदन, लिबी! यंदाही एकमताने!"

"मग! आमच्यात फूट पडत नाही," लिबी म्हणाली. "पाखरांचे दाणे दे, मोठं पोतं."

मर्ल हसत होता. हसता हसता त्याचं बोट निकालाच्या खालच्या ओळींवर सरकलं आणि थांबलं. विश्वस्त: अर्विन हॅन्के, एक मत.

त्यानं टोपी काढून गल्ल्यावर ठेवली, पोतं खांद्यावर घेतलं आणि लिबीच्या चालीनं चालत तिच्या गाडीपर्यंत नेऊन दिलं.